पेटीचा तास कोणाच्या तासातून काढायचा?

पत्र लिहिणाऱ्या बाई पुण्यात महापालिकेच्या एका शाळेत मराठी शिकवतात. शाळा पाचवी ते आठवीची, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, सकाळचं सत्र. दुपारी त्याच इमारतीत दुसरी शाळा भरते. गेली चार वर्षं वेळापत्रक लावण्याचं काम याच बाईंकडे आहे. यंदा जूनमध्ये एका देणगीदारांनी शाळेला 10 पेट्या (हार्मोनियम) आणि 5 तबलाजोड दिले, वर एका संगीत शिक्षकांचं वर्षभराचं मानधनही कबूल केलं. हे सर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, दर वेळी 5 तासिका. शाळेनं चाचणी घेऊन सगळ्या वर्गांतून ‘गोडी असलेली’ 20 मुलं निवडली. सर आले की शिपाईमामा वर्गावर्गांत जाऊन त्या मुलांना बोलावून आणतात.

महिनाभरातच गणिताच्या सरांनी मुलं सोडायला नकार दिला. आठवीतल्या दोन मुलींच्या घरून ‘अभ्यास मागे पडतो’ अशी चिठ्ठी आली. संगीताचे सर म्हणतात, 20 पैकी एकदा 8 येतात, एकदा 11, मी धडा पुढे नेऊ कसा? सहावीतला एक मुलगा निवडीत बसला नाही. तो बाकावर बोटांनी वाजवत बसतो आणि त्यापायी आठवड्यातून दोनदा तरी वर्गाबाहेर उभा असतो. संगीताच्या सरांचं ऑगस्ट आणि सप्टेंबरचं मानधन अजून मिळालेलं नाही. मुख्याध्यापकांनी बाईंना सांगितलंय, संगीत शनिवारी टाका नाहीतर शाळा सुटल्यावर ठेवा, पण तक्रारी नकोत. बाई विचारतात, “गणित बुडवून पेटी शिकवणं मला पटत नाही आणि पेट्या कपाटात कुलूप लावून ठेवणंही पटत नाही. शनिवार धरू, सुटल्यानंतरची वेळ धरू, की यंदापुरतं बंदच करू?”

बाई,

आधी शनिवारचं सांगते, कारण ती चूक मी स्वतः करून बसले आहे. मी ज्या शाळेत होते तिथे वेळापत्रक माझ्याकडे आलं तेव्हा गायन-वादनाचा तास मी शनिवारी शेवटचा टाकला होता. कुणाची हरकत नाही, कुणाचा विषय जात नाही. खूश होते मी. मग एका शनिवारी शिक्षकांचं प्रशिक्षण आलं, एका शनिवारी पालकसभा, एका शनिवारी निवडणुकीचं काम. उरलेल्या शनिवारी निम्मी मुलं मोठ्या सुट्टीनंतर दप्तर उचलून घरी. दिवाळीपर्यंत त्या शिक्षकांना हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे तास मिळाले आणि दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. पुढच्या जूनमध्ये कपाट उघडलं तर एका पेटीच्या हवा भरणाऱ्या भात्यात उंदरांनी घर केलेलं. दोन्ही घड्या कुरतडलेल्या, आत कापसासारखा चुरा. दुरुस्तीवाल्यानं भाता नवीन घालायला सांगितला तेव्हा शाळेकडे त्याचेही पैसे नव्हते.

आता पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे उपक्रमांचा वार, आहे, तेव्हा शनिवारी संगीत घालायचा मोह आणखी होणार. समूहगीत, लेझीम, एखाद्या पालकांचं भजन, ढोलकीची ओळख, असं सगळं शनिवारी जरूर करा. पण वाद्य शिकायला दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ आणि तीच मुलं लागतात. शनिवार हा शाळेतला सगळ्यात बेभरवशाचा वार. (दुसरा तसा वार गुरुवार. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शाळेचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. सरांचे वार मंगळवार-शुक्रवार आहेत हे नशीबच म्हणा.)

शाळा सुटल्यावरचा मार्ग तर तुमच्या इमारतीनंच बंद केलाय. 12.30 ला तुमची मुलं बाहेर पडतात आणि दुपारची मुलं जिन्यात उभी असतात. समजा खोली मिळाली, तरी थांबणार कोण? ज्यांना घरी जाऊन धाकट्या भावंडांना सांभाळायचं नाही, दुपारची कामं करायची नाहीत, अशी मुलं. सकाळी 7 ला बोलवायचं म्हटलं तर नळाला पाणी येण्याची वेळ. म्हणजे घरचं जरा बरं असलेली आठ-दहा मुलं शिकतील आणि आपण म्हणू की बाकीच्यांना गोडी नव्हती.

आता तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी अडते. ‘बुडवून.’ गणित बुडवून पेटी. हा शब्द तुम्ही गणिताच्या सरांकडून उसना घेतलाय असं मला वाटतं. तो त्यांच्या तोंडी ठीक आहे, पण वेळापत्रक लावणाऱ्यानं तो जसाच्या तसा घेऊ नये. कला शिक्षण हा जादाचा खाऊ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत, सहावी ते आठवीची पटसंख्या 100 च्या वर असेल तर कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिकवणारे) असावेत असं लिहिलेलं आहे. तुमच्या वेळापत्रकातही ‘कला’ अशा तासिका आहेतच. त्यात चित्रकला होते, कधी उरलेला अभ्यास होतो, आणि खरं बोलायचं तर त्याच तासांना वह्या तपासल्या जातात. मीही तपासल्या आहेत. म्हणजे संगीताला स्वतःचं घर होतंच, त्यात आपण दुसरा भाडेकरू ठेवला आणि संगीताला गणिताच्या दारात उभं केलं.

गणिताच्या सरांचं म्हणणं मात्र चुकीचं नाही. शिपाईमामा दारात आले, पाच मुलं उठली, दहा मिनिटांनी एक पाटी विसरली म्हणून परत आली, अशा वर्गात अपूर्णांकांची बेरीज शिकवून बघा. सरांचा राग पेटीवर नसेल, दारातून सतत चाललेल्या ये-जा वर असेल. ती थांबवा, मग बोलू.

आणि ती 20 मुलं. चाचणीत काय विचारलंत? बहुतेक ‘एखादं गाणं म्हणून दाखव’. त्यात घरी भजनी मंडळ असलेली, क्लासला जाणारी, न लाजणारी मुलं पुढे येतात. जी आधीच थोडं शिकली आहेत त्यांना आपण ‘गोडी आहे’ म्हणतो. आता वीस जणांची यादी घेऊन बसा आणि पेटीवर मुली किती, तबल्यावर मुलगे किती ते मोजा. आकडे मी सांगत नाही, पण माझा अंदाज तुम्हाला कळला असेल.

सहावीतला तो मुलगा बाकावर काय वाजवतो ते कधी ऐकलंत का? रागवायच्या आधी अर्धा मिनिट ऐका. पुण्यात वाढलेल्या मुलाच्या कानात जुलैपासून नदीपात्रातल्या पथकांचे ढोल-ताशे असतात, वस्तीतल्या मिरवणुकीतली हलगी असते, लग्नातली बँडपार्टी असते. बहुधा तो बरोबर मात्रेवर वाजवत असेल. त्याला तबला द्या, ढोलकी द्या. एक सांभाळा मात्र. ‘तुझ्या घरी वाजवतात ना, मग तू हलगीच घे,’ असं कुठल्याही मुलाला म्हणायचं नाही. ते कौतुक म्हणून म्हटलं जातं आणि मुलाला जातीचा शिक्का म्हणून लागतं. हलगी शाळेत आणायची तर सगळ्यांच्या हातात फिरली पाहिजे.

तेव्हा निवड बंद करा आणि वर्ग धरा. आता आकडेमोड करू, ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली येते.

सरांच्या आठवड्याला 10 तासिका आहेत, मंगळवारी 5 आणि शुक्रवारी 5. तुमच्या तुकड्या 8. पहिला विचार येतो की प्रत्येक तुकडीला एक तासिका, दोन उरल्या. पण 38 मुलांचा वर्ग आणि 15 वाद्यं म्हटल्यावर निम्म्याहून जास्त मुलं नुसती बघत बसणार. आणि बघत बसलेलं पोरगं शेजाऱ्याच्या पेटीचा भाता ओढणारच. म्हणून सगळ्यांना थोडं थोडं देण्याऐवजी पाचवी आणि सहावी धरा. तुकड्या चार. प्रत्येक तुकडीचे सम-विषम हजेरी क्रमांकानं दोन गट. गुणांनुसार गट पाडू नका, नाहीतर ‘कच्ची मुलं माझ्याकडे ठेवा’ अशी मागणी लगेच येईल.

आता लागोपाठच्या दोन तासिका घ्या, एक मराठीची, एक कलेची. पहिल्या तासिकेला विषम क्रमांकाची मुलं संगीताच्या खोलीत, सम क्रमांकाची तुमच्याकडे मराठीला. दुसऱ्या तासिकेला अदलाबदल. दोन तास संपले तेव्हा प्रत्येक मुलाचं एक मराठी झालं, एक कला झाली, आधीइतकंच. कुणाचंही काही बुडलं नाही. मंगळवारी पाचवीच्या दोन तुकड्या म्हणजे 4 तासिका, शुक्रवारी सहावीच्या दोन म्हणजे 4. प्रत्येक वारी एक तासिका शिल्लक राहते. तिच्याबद्दल पुढे सांगते.

याची किंमत कोण मोजतं ते लपवायचं नाही. विषय शिक्षकाला त्या तुकडीवर आठवड्याला एक तासिका जास्त घ्यावी लागते आणि तोच भाग दोनदा शिकवावा लागतो. पण समोर 38 च्या जागी 19 मुलं असतात. 19 मुलांत प्रत्येकाची वही त्याच्याशेजारी बसून बघता येते, वाचताना कोण अडखळतं ते कळतं. कलेचा तास ज्यांच्याकडे होता ते त्या वेळी मोकळे होतात, त्यांच्याकडे तुमचा एखादा बदली तास द्या, म्हणजे ओझं थोडं वाटलं जाईल. चित्रकलेची आठवड्याची एक तासिका कमी होते, हेही खरं. चित्रकलेच्या बाईंशी आधी बोला, सूचना फलकावरून कळवू नका.

चारही तुकड्यांत एकाच विषयाला जुंपू नका. 5 वी अ ला मराठी, ब ला इंग्रजी, 6 वी अ ला विज्ञान, ब ला गणित, असं फिरवा, म्हणजे एका शिक्षकावर एकच जादा तास येतो. आणि पहिला तास तुमचा द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर सहा आठवडे फक्त 5 वी अ, फक्त मराठी. मुख्याध्यापकांना सांगा की हा प्रयोग आहे, सहा आठवड्यांनी मोडता येईल. गणिताच्या सरांना काहीच मागू नका. फक्त एखाद्या मंगळवारी त्यांना 19 मुलांच्या वर्गात पाच मिनिटं येऊन बसायला सांगा. माझा अनुभव असा की अर्धा वर्ग बघितल्यावर गणिताची माणसं स्वतः विचारतात, मला कधी मिळेल?

संगीताच्या खोलीत 19 मुलं. 10 पेटीवर, 5 तबल्यावर, 4 जणांकडे झांजा, नाहीतर नुसती तालाची टाळी आणि खाली (रिकामा हात). चौघांना वाटेल आपल्याला काही मिळालं नाही, म्हणून जागा दर आठवड्याला सरकल्या पाहिजेत आणि त्याचा तक्ता भिंतीवर हवा. खरं तर हाताने ताल धरणारी चौघंच बाकीच्यांना सांभाळतात. सर त्यांना ‘पंच’ म्हणाले तर भांडणं होतील ती पंच व्हायला.

35 मिनिटांत होतं काय? तुमच्या संगीताच्या सरांना एकदा न सांगता बघा. सतरंजी पसरायला तीन मिनिटं. मग सर डावा गुडघा टेकून तबला मांडीजवळ घेतात, एका पेटीवर षड्ज (सा) धरायला सांगतात आणि हातोडी घेऊन काठावर टक्, टक्. काठावरचं एक घर (एक जागा) चढलं की समोरचं उतरतं. पावसाळी हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडलेली असते, बाजूचे लाकडी गठ्ठे खाली ठोकावे लागतात. एका तबल्याला तीन-चार मिनिटं धरा, पाच तबल्यांना पंधरा-वीस. अर्धी तासिका गेली! मुलं तोवर काय करतात ते गणिताच्या सरांना ऐकू गेलेलंच आहे. म्हणून संगीताच्या सरांनी अर्धा तास आधी यायला हवं, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांना द्यायला हवेत. कायद्यात नियमित शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास धरलेत त्यात तयारीचा वेळ मोजलाय. तासिका तत्त्वावरच्या माणसाला मात्र आपण फक्त घंटा ते घंटा मोजतो.

आता वर्षाचा हिशोब. सहावी ते आठवीसाठी कायद्यानं वर्षाला किमान 220 दिवस कामाचे, पाचवीपर्यंत 200. आठवड्याचे सहा दिवस धरले तर कुठलाही एक वार वर्षात साधारण 33 ते 37 वेळा येतो. त्यातून सुट्ट्या, चाचण्या, गणपती, सहल, संमेलन वजा करा, 28 उरले तरी पुष्कळ. 28 गुणिले 35 मिनिटं म्हणजे सोळा तास. एका मुलाला वर्षभरात वाद्याशी सोळा तास! इतक्यात वादक घडत नाही, हे देणगीदारांना, पालकांना आणि सरांनाही पहिल्याच दिवशी सांगून टाका. शुद्ध स्वरांचं सप्तक, चार-पाच अलंकार (स्वरांच्या सरावाच्या ओळी), दादऱ्याच्या 6 आणि केरव्याच्या 8 मात्रा हातावर, आणि परिपाठातली एक प्रार्थना पेटीवर. पाचवीला इतकं झालं तर उत्तम झालं. सहावीला तीच मुलं पुन्हा येतील तेव्हा त्यांचे हात बसलेले असतील. तीन वर्षांनी तुमच्या शाळेत असं एकही मूल नसेल ज्यानं पेटीला हात लावलेला नाही.

सोळा तास थोडे वाटतात तर वाढवायचे कुठे? मोठ्या सुट्टीत. खिचडी खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं खोली उघडी, आठवीतली दोन मुलं प्रमुख, येणाऱ्यांची नावं वहीत. हात धुतल्याशिवाय पेटीला हात नाही, एवढा एकच नियम. तेलकट बोटांनी पट्ट्या चिकट होतात, आणि पट्टी अडकली की मुलं ती उपटून बघतात.

तुमचे गुरू-शिष्य परंपरेतले सर कदाचित म्हणतील की तासाच्या घंटेवर कुठं संगीत शिकवतात का. त्यांना इतकंच म्हणा की थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेच मुळी गुरूच्या घरातलं संगीत वर्गात आणण्यासाठी. इयत्ता, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळं. त्यांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये आपल्या पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. म्हणजे घंटेची आणि गाण्याची सोयरीक इथं जुनी आहे.

आता उरलेल्या दोन तासिका आणि सातवी-आठवीची मुलं. आज तुमच्या वीसांत जी सातवी-आठवीची आहेत त्यांना वर्षाच्या मध्ये काढू नका. उलट सातवी-आठवीतून ज्यांना यायचंय त्यांना येऊ द्या, चाचणी न घेता, 30 पर्यंत. वाद्यं 15 आहेत, म्हणून पंधरा-पंधराचे दोन गट करा. एक गट या आठवड्यात मंगळवारी, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, दुसरा उलट. मंगळवारची तासिका परिपाठानंतरची पहिली ठेवा आणि शुक्रवारची शेवटची, म्हणजे मुलाचा तोच विषय पुन्हा पंधरा दिवसांनीच चुकतो. सहामाही सत्र बदललं की या वेळाही बदला. अमेरिकेतल्या बऱ्याच सरकारी शाळांत चौथी-पाचवीपासून वाद्य शिकवतात आणि मुलांना असंच लहान गटांत वर्गाबाहेर काढतात, फक्त तिथं तास दर आठवड्याला फिरता असतो. या आठवड्यात पहिला, पुढच्या आठवड्यात दुसरा, तिसऱ्यात तिसरा. एकाच विषयावर गदा येत नाही. तिथलं पूर्ण उचलता येणार नाही, कारण त्यांचा संगीत शिक्षक बहुधा दिवसभर शाळेत असतो आणि तुमचे सर दोन सकाळी. पण त्यातल्या तीन गोष्टी फुकट आहेत. सत्राचा पूर्ण तक्ता आधीच भिंतीवर लावायचा, म्हणजे शिपाईमामांना फिरावं लागत नाही, घड्याळ बघून मूल स्वतः उठतं. चाचणीच्या दिवशी कुणालाही काढायचं नाही. आणि चुकलेला भाग शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून आणायची जबाबदारी मुलाची.

इथे एक पळवाट लगेच सुचेल. खेळाच्या तासाला काढू, तो काय, नुसता खेळच! काढू नका. वस्तीत राहणाऱ्या मुलाला मैदान आठवड्यातून तेवढंच मिळतं. आणि ज्याचं गणित कच्चं त्याचं संगीत बंद, ही शिक्षाही नको. ती गणितालाही शिक्षा ठरते.

त्या दोन मुलींच्या पालकांना बोलवा आणि तक्ता दाखवा. ते दहावीच्या वाढीव गुणांबद्दल विचारतील. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात हे खरं, पण त्यासाठी प्रारंभिक, प्रवेशिका अशा पायऱ्या वर्षानुवर्षं चढाव्या लागतात. आठवड्याच्या एका तासिकेवर ते आश्वासन देऊ नका. गुणांच्या आमिषानं आलेले पालक गुणांचा हिशोब बसला नाही की सगळ्यात आधी चिठ्ठी लिहितात.

आता सर. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल तीनच ओळी आहेत आणि मला वाटतं मूळ दुखणं तिथेच आहे. संचमान्यतेत (सरकारनं मंजूर केलेल्या शिक्षकसंख्येत) संगीताची जागा तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा असे तासिकेवरचे शिक्षकच येणार आणि जाणार. प्रश्न इतकाच की ते वर्षभर टिकतील असं आपण काय करतो. पाच तासिकांच्या मानधनासाठी माणूस सकाळची गर्दी तुडवत येतो आणि कळतं की आज चाचणी आहे, मुलं येणार नाहीत. त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. दिवाळीत, मे महिन्यात नाहीत. मग जुलैमध्ये त्याला एखाद्या खासगी शाळेत पूर्ण वेळ मिळाला तर तो का थांबेल?

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत हा विषय घ्या. तिथे तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला, म्हणजे घरच्या अडचणी सांगायला माणसं आहेत. ठराव लेखी करा. मानधन दरमहा ठरलेल्या तारखेला, बँकेतून. शाळेनं तास रद्द केला तर त्याचे पैसे द्यायचे, सरांनी केला तर नाही. तयारीचा अर्धा तास मोजायचा. वर्षाला दुरुस्तीची रक्कम वेगळी काढायची. पुड्या, वाद्या (तबल्याच्या चामडी दोऱ्या), भाता, सतरंज्या हे सगळं त्यातून. देणगीदार वाद्यं आनंदानं देतात, त्यावर नाव घालता येतं. पुडी बदलायला पैसे मागितले की गप्प होतात. म्हणून पुढच्या वर्षीचं बोलणं आत्ताच करा, आणि वाद्यं वाढवू नका, माणसाचे तास वाढवा. अजून एक, 10 पेट्यांचे सूर एकमेकांशी जुळतात का ते सरांकडून तपासून घ्या. दानात आलेल्या पेट्यांत एखादी तरी वेगळ्याच वाटेनं बोलते आणि मग वर्गभर कुणाचाच कान बसत नाही.

पेटीचे सर तबल्याचे सर असतातच असं नाही. ठेका धरून देणं वेगळं, हात बसवणं वेगळं. सरांना मोकळेपणी विचारा. तबल्यासाठी महिन्यातून दोनदा कुणी येऊ शकेल तर बघा. विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकणारी मुलंमुली शहरातच आहेत, शिकवायला उत्सुकही असतात. पण बाहेरचं कुणीही येणार म्हटलं की पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आधी, दार उघडं आणि एक मूल एकटं कधीच नाही, हे सरांच्या बाबतीतही. बदलापूरच्या शाळेत ऑगस्ट 2024 मध्ये लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर यात भीड बाळगायची सोय राहिलेली नाही. सरांना ते अपमानाचं वाटेल असं वाटत असेल तर समजावून सांगा, सगळ्यांनाच लागू आहे.

आणि सर शाळेत असताना ते शिक्षक आहेत. कुणाच्या रजेवर बदली तासाला त्यांना उभं करायचं नाही. संमेलनाच्या आधी महिनाभर सगळ्यांना अचानक संगीत आठवतं आणि नाचाची गाणी लावायला त्यांना स्पीकरपाशी बसवतात. तेवढं होऊ देऊ नका. शिक्षक खोलीत त्यांना एक खुर्ची आणि एक कप्पा द्या, हातोडी ठेवायला तरी.

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतून कुणी हे वाचत असेल तर त्यांना हे सगळं फार मोठं वाटेल. तिथे एक ढोलकी, एक टाळजोडी आणि गावातला भजनाचा एक जाणकार पुरतो. वार मात्र ठरलेला हवा आणि पहिली ते चौथी एकत्र बसलेली चालतात, मोठी मुलं धाकट्यांना मात्रा मोजायला शिकवतात. खासगी अनुदानित शाळांत वाद्यं असूनही कुलूप असतं, त्यांना मी एवढंच म्हणेन की आधी किल्ली कुणाकडे आहे ते शोधा.

तर बाई, यंदा बंद करू नका. शनिवारही नको. दिवाळीनंतर 5 वी अ आणि तुमचा मराठीचा तास, तिथून सुरुवात. सहावीतल्या त्या मुलाला तोवर मोठ्या सुट्टीतल्या खोलीची किल्ली सांभाळायला द्या, आठवीच्या दोघांबरोबर तिसरा म्हणून. बाकावर वाजवणं थांबेल याची हमी मी देत नाही.

पण हे सगळं सरांसमोर मांडायला जाल त्याच्या आधी एक काम करा. ऑगस्ट-सप्टेंबरचे त्यांचे पैसे. मुख्याध्यापकांकडून देणगीदारांना फोन होऊ द्या, दिवाळीच्या सुट्टीच्या आत. थकलेल्या पैशांची गोष्ट मध्ये असताना त्यांना नवीन वेळापत्रक दाखवू नका, ते ‘बघू’ म्हणतील.